उसन्याची शीग

आबांना धुळ्याला माझ्याकडे आणायचं की असोद्यातच राहू द्यायचं, या प्रश्नावर आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या लग्नातही झाली नव्हती. आबा म्हणजे माझे वडील. त्यांची उभी हयात जळगावच्या एका जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करण्यात गेली. कापसाचं ते बारीक तूस छातीत साठत गेलं आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याने आपला हिशेब मागितला. डॉक्टर म्हणाले, आता यांना दिवसाचा बराचसा वेळ आणि झोपताना ऑक्सिजन लागेल.

त्यासाठी एक मशीन मिळतं. खोलीतलीच हवा ओढून घेतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि बारीक नळीने नाकात सोडतं. दिसायला गावच्या घरातल्या लहान कपाटाएवढं, खाली चाकं, आणि दिवसभर घरघर. सगळं चांगलं, फक्त ते विजेवर चालतं. वीज गेली की ते एकदा जोरात किंचाळतं आणि गप्प बसतं.

असोद्यात वीज जाणं ही बातमी नसते. भुसावळच्या बाजूला गेलं की वीज केंद्राच्या चिमण्या लांबून दिसतात. तिथली वीज कुठे कुठे जाते म्हणतात. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने काढली तो आमच्याच बाजूचा असणार, अशी माझी खात्री आहे. घरात इन्व्हर्टर होता, पण मे महिन्यात दिवसच्या दिवस वीज नसली तर त्याची बॅटरी भरणार कशी? एका दुपारी मी तिथे असतानाच तो बसला. मशीन किंचाळलं, आबांचे ओठ निळसर दिसायला लागले, आणि वीज परत येईपर्यंत आई त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होती. वर्तमानपत्राने! मी त्याच दिवशी सांगून टाकलं, चला धुळ्याला.

आबा म्हणाले, "मी नही येत."

आबांना एका दमात मोठं वाक्य बोलता येत नसे, त्यामुळे त्यांचे नकार फार नेमके असत. शेवटी आमच्यात तह झाला. मी जनरेटर घेऊन देईन. तो घरात असेल आणि चालत असेल तोवर आबा असोद्यात. पण विजेअभावी मशीन एकदा जरी बंद राहिलं, तर दुसऱ्या दिवशी धुळे, आणि मग कुणी रडायचं नाही. आईने मान हलवली. आबांनीही हलवली, पण ती होकाराची होती की मानेखालची उशी सरकली म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी धुळ्यातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काम करते. मुलांच्या हातून मीटर जळू न देणं हे माझं मुख्य काम. त्यामुळे दुकानात जाताना मी सगळं काढून नेलं होतं: ऑक्सिजनचं मशीन किती वॅट ओढतं, सुरू होताना किती जास्त झटका मारतं, वर एक पंखा आणि एक दिवा. दुकानदाराने ते सगळं शांतपणे ऐकलं आणि उत्तर माझ्या नवऱ्याला दिलं. मी पुन्हा विचारलं. उत्तर पुन्हा नवऱ्याला. नवरा बिचारा मिक्सरही हाताळत नाही. शेवटी तोच म्हणाला, "भाऊ, मी फक्त उचलायला आलोय." मग दुकानदाराची मान माझ्याकडे वळली.

डिझेलचा नको होता. त्याचा धूर आणि धडधड म्हणजे आबांच्या छातीवर पुन्हा जिनिंगच उभी केल्यासारखं. नुसत्या पेट्रोलचाही नको होता. पेट्रोल महिनोन्महिने टाकीत पडून राहिलं की शिळं होतं, आत चिकटा धरतो, आणि नेमकी गरज लागते तेव्हा यंत्र खोकत बसतं. शिवाय पेट्रोलसारखी कुणालाही लागणारी वस्तू आमच्या गल्लीत टिकत नाही, असा माझा अनुभव होता. तो पुढे सांगते. तेव्हा दुकानाच्या आत गल्ल्याशेजारी बसलेले दुकानदाराचे वडील बोलले, "ताई, ते कोपरानं पहा. याले दोन तोंडं शेतस. पेट्रोल बी खास, गॅस बी खास."

कोपऱ्यात खरंच तसा, दोन्ही खाणारा जनरेटर होता. वर पेट्रोलची टाकी, बाजूला गॅसची नळी लावायचं तोंड, मध्ये एक खटका. गॅसवर थोडी ताकद कमी मिळते, पण आमच्या मशीनला ती पुरून उरत होती. गॅस शिळा होत नाही, आत चिकटा धरत नाही. त्यातून निघणारी वीजही सरळ, नाजूक मशीनला सोसणारी. मी तिथेच ठरवलं. नेहमी गॅस, आणि पेट्रोल फक्त अडीअडचणीला. घरचा लाल सिलिंडर स्वयंपाकाचा, तो असल्या कामाला जोडायचा नसतो, म्हणून वेगळी निळी टाकी घेतली, हॉटेलवाले वापरतात ती.

टेम्पो पारोळा, एरंडोल करत असोद्याला पोचला तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं आमच्या दारात होती. मी कुणाचं ऐकलं नाही. जनरेटर घराबाहेर, अंगणात, पत्र्याखाली. धूर सोडणारं तोंड घराकडे नको, कुणाच्या खिडकीकडे नको. हा धूर दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस झोपल्या जागी राहतो, हे मी एवढ्या वेळा सांगितलं की आई वैतागून म्हणाली, "समजलं व माय, आता त्याले कुकू तं लाऊ दे." वायरमनने भिंतीत खटका बसवला. म्हणजे एक तर बाहेरची वीज, नाही तर जनरेटरची, दोन्ही एकत्र कधीच नाही. नाही तर आपली वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेला माणूस मरतो. आईने यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिला दोर तिनेच ओढला. आयुष्यभर विहिरीचं पाणी शेंदलेल्या हातांना एक झटका पुरला. माझ्या नवऱ्याला दुकानात चार लागले होते.

आता गल्लीबद्दल. आमची आई उसनं देते. हे वाक्य वाचायला साधं वाटतं. पीठ, साखर, विरजण, खलबत्ता, छत्री, पाट, एकदा तर माझी दहावीची सायकल परीक्षेच्या आदल्या दिवशी, असं ती देते. न विचारता, न टिपता. देताना वाटी हात फिरवून सपाट करते, आणि तीच वाटी परत येते ती वर टोक निघेल अशी भरून. त्या टोकाला शीग म्हणतात. आमच्याकडे उसनं सपाट नेतात आणि शिगेनं परत करतात. सपाट परत करणाऱ्या बाईबद्दल कुणी वाईट बोलत नाही, पण तिला पुढच्या वेळी ते आठवतं. लहानपणी मला हा व्यवहार समजायचा नाही. एवढी शीग लागते तर आधीच जास्त दळून का ठेवत नाहीत?

पेट्रोलचं तेच झालं. पहिल्याच महिन्यात टाकीचा काटा खाली आलेला. कुणाची मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी बंद पडली होती, कुणाला जळगावला जायची घाई होती. परत येई, नाही असं नाही, पण पेट्रोल परत येण्याआधी वीज गेली तर? आई म्हणे, "गॅस हाये ना." आणि मीही मनात म्हणे, हो, गॅस आहे ना. पेट्रोल कुणीही मागेल, निळी टाकी कोण मागतंय?

वर्ष बरं गेलं. वीज जाई, मशीन किंचाळे, आई अंगणात जाऊन गॅसची चावी सोडे, दोर ओढी, भिंतीतला खटका खाली करी, आणि चहाला आधण ठेवायला लागतो तेवढ्या वेळात आबांची नळी पुन्हा सुरू. जनरेटर चालू असला की गल्लीतले मोबाइल आमच्या ओसरीवर चार्जिंगला येऊन पडत, केळीच्या घडासारखे एका बोर्डाला लटकलेले. आबा त्यांच्याकडे बघत पडून राहत. कुणाचा कुठला, हे त्यांना वाजण्यावरून कळे.

मग ते वादळ आलं. मेअखेरीस आमच्या भागात अशी वादळं येतात, पाऊस थोडा आणि वारा फार. मी सुट्टीला असोद्यात होते. दुपारच्या जेवणानंतर आभाळ पिवळं झालं, पत्रे उडाले, निंब आडवे झाले, आणि वारा थांबल्यावर कळलं की शिवारातली केळी झोपली आणि विजेचे खांबही. वीज कधी येईल हे विचारायचीही सोय नव्हती. जळगावच्या रस्त्यावर झाडं पडलेली. इन्व्हर्टर आदल्या दिवसापासूनच अर्धा होता, तो संपला. मशीन किंचाळलं.

मी अंगणात गेले, चावी सोडायला हात लावला, तर नळीच्या टोकाला टाकी नव्हती. पेट्रोलचं झाकण काढलं. आत कोरडं.

"आई!"

आई दारात आली. तिने काही लपवलं नाही. "पेट्रोल सकायी समोरच्यायच्या रिक्षात टाकलं. त्यायच्या सुनीले बायंतपनाच्या कया सुरू झाल्या व्हत्या."

"आन् टाकी?"

"ते मागच्या आयीत लग्नाले देली. आचाऱ्याची टाकी मधातच सरली. मांडवात लोक बसेल व्हते. उपाशी उठवायचे का?"

त्या वर्तमानपत्राच्या दुपारनंतर डॉक्टरांनी अशा वेळेसाठी ऑक्सिजनचा एक लहान सिलिंडर घरात ठेवायला लावला होता. मी तो आबांना जोडला. तो काही तासांचा सोबती. मी आईला नको ते बोलले. मी म्हटलं, "तू आबाचा श्वास उसना देला, आई. पीठ समजून देला." आबा खाटेवरून ऐकत होते. आईने पदर डोक्यावर घेतला आणि चिखलातून बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली.

मी मागच्या आळीत धावले. मांडव कोसळलेला, निळी टाकी जेवणावळीत संपून गेलेली. आचारी मला ती हलवून दाखवत होता, जणू हलवून काही निघेल. परत येताना मी मनातल्या मनात आबांचं सामान बांधत होते. रस्ता मोकळा झाला की आधी दवाखाना, आणि मग धुळे. करार करार असतो.

गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले. आमच्या दारापासून पिंपळाच्या पारापर्यंत मोटरसायकली उभ्या होत्या. आडव्या, तिरप्या, एक तर सीटवर झाडाची फांदी तशीच घेऊन आलेली. जुन्या गाड्यांची खालची नळी उपसून बाटल्यांत पेट्रोल काढणं चाललं होतं. नव्या गाड्यांचं तसं निघत नाही, त्यांच्या टाकीत नळी घालून तोंडाने ओढत होते आणि थुंकत होते. आई दारोदार जाऊन एवढंच सांगून आली होती, की आबांचं मशीन बंद आहे. तिने मागितलं नव्हतं. आमच्या गल्लीत तेवढं पुरतं हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

एक जण बिडी ओढत बाटली घेऊन येत होता. त्याला मी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. त्याने बिडी टाकली, पायाने विझवली, वर पाणी ओतलं आणि मग बाटली पुढे केली. "माह्या केयी बठ्ठ्या झोपल्या," तो म्हणाला, अगदी सहज, पाहुण्याला वाट सांगावी तसं. "पन गाडीत पेट्रोल हाये." त्या दुपारी त्या गल्लीतल्या कितीतरी घरांची वर्षाची केळी आडवी झाली होती. शेताकडे बघायला जायला गाड्या लागणार होत्या. त्याच गाड्यांचं पेट्रोल ते आमच्या अंगणात आणून ओतत होते.

मी दोर ओढला. खटका खाली केला. आतून घरघर ऐकू आली, आणि मी पत्र्याच्या खांबाला धरून उभी राहिले. रडले, यात लपवण्यासारखं काही नाही.

बाटल्या येतच राहिल्या. टाकी तुडुंब झाली, मी ओरडत होते की बस करा, सांडेल, यंत्र गरम आहे, भडकेल. बाकीच्या बाटल्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ओळीने ठेवायला लावल्या. शेवटी पलीकडची म्हातारी आली. तिच्या हातात पाण्याची एक बाटली पेट्रोलने भरलेली, आणि दुसऱ्या हातात खोकल्याच्या औषधाची इवलीशी कुपी, तीही भरलेली.

"अक्का, हे तुमचं," ती आईला म्हणाली. "पेट्रोलले शीग कशी लाऊ? म्हनून हे येगयं आनलं."

आईने दोन्ही घेतल्या. कुपी बाजूला ठेवली, वाया जाऊ नये अशी.

रस्ते मोकळे झाले तशी मी पुन्हा विषय काढला. करार मोडलाय, म्हटलं. आबांचं उत्तर तयार होतं. "मशीन बंद कुठी पडलं? त्याले खायाले नव्हतं." मी म्हटलं, शब्दांचा खेळ नको. दर वेळी गल्लीत गाड्या असतील, गाड्यांत पेट्रोल असेल, रस्ता असेल, असं होत नाही. देवाच्या भरवशावर माणूस ठेवता येत नाही. हे मी आजही म्हणेन. त्या दिवशी जे झालं ते चांगलं झालं, पण ती काही व्यवस्था नव्हती.

आबांनी नळी नाकात सारखी केली, दम घेतला. "धुळ्याले तुह्या बिल्डिंगमंदी बंद पडलं," ते म्हणाले, थांबले, "तं तू कोनाचं दार वाजवशील?"

आमच्या मजल्यावर तीन दारं आहेत. समोरच्यांचं आडनाव मला पाटीवरून माहीत आहे. कोपऱ्यातल्यांचं तेही नाही, कारण त्यांच्या दारावर पाटी नाही. मी कधी त्यांच्याकडून काही आणलं नाही आणि त्यांना कधी काही दिलं नाही, आणि आजवर हे मला चांगल्या शेजाराचं लक्षण वाटत होतं. मी धुळ्याचा विषय सोडला आणि जळगावहून दुसरी निळी टाकी आणली, साखळी आणली, कुलूप आणलं. एक टाकी आईची, हवी त्याला द्यावी. दुसरी कुलपात, किल्ली आबांच्या उशाखाली. आई कुलपाकडे बघून म्हणाली, "तुह्या आबाची टाकी चोर नेतीन का?" मी म्हटलं, चोर नाही, तू नेशील. ती हसली. पहिली टाकी त्यानंतर लग्नांना, दहाव्यांना, कुठे कुठे फिरली, मी विचारलंही नाही. आबा असोद्यातच राहिले.

पौषात एका सकाळी ते गेले. वीज होती. मशीन चालू होतं. नळी नाकात होती, श्वास नव्हता. दोन टाक्या, तुडुंब पेट्रोल, भिंतीतला खटका, यातलं काहीच त्या दिवशी चुकलं नाही. मी त्या यंत्राशेजारी बराच वेळ बसले होते. एवढी तयारी करून ठेवली की माणसाला वाटायला लागतं, आता मरणालाही आधी विचारावं लागेल. आबांची मला फार आठवण येते. आजही वीज गेली की माझे कान त्या किंचाळण्याची वाट बघतात.

ऑक्सिजनचं मशीन आम्ही भाड्याने आणलं होतं, ते परत गेलं. उन्हाळा लागता लागता नवरा म्हणाला, तो जनरेटर आता आपल्याकडे आणू, नाही तर विकून टाकू, तिथे पडून गंजेल. मलाही पटलं. असोद्याला गेले. अंगणात पत्र्याखाली चार पायांचे ठसे होते, जनरेटर नव्हता. साखळी उघडी लोंबत होती.

"आई, मशीन कुठाय?"

"उसनं देलं." ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "खालच्या गल्लीतले भाऊ. तुह्या आबासंगं जिनात व्हते. त्यायलेबी नाकात नयी लागली."

"टाक्या?"

"टाक्याबी. मशीनले खायाले नको का?"

मला राग आला नाही, हे मलाच नवल वाटलं. मी फक्त सवयीने विचारलं, "परत कधी देणार आहेत?"

आईचे हात सुपात थांबले. आयुष्यभर ती उसनं देत आली आणि परत आलेलं शिगेनं मोजून घेत आली. पीठ असो, पेट्रोल असो, परत येणार याचा तिला कधी संशय नव्हता. तिने खडा उचलून बाहेर टाकला.

"हे लवकर परत येऊ नको देऊ, असं म्हन देवाले."

मी चप्पल घातली आणि खालच्या गल्लीत गेले. त्यांनी जनरेटर ओट्यावर, खिडकीखाली ठेवला होता. वीज होती, म्हणून तो बंद होता. आतून ती ओळखीची घरघर ऐकू येत होती. घरातल्या बाईला मी सांगितलं की हे आधी इथून हलवायचं, अंगणाच्या त्या टोकाला न्यायचं, आणि धुराचं तोंड घराकडे कधी करायचं नाही. ती म्हणाली, "बरं ताई," आणि एक बाजू तिने धरली, एक मी.